वरची बाजू

अंडं उचलण्याआधी पेन्सिलीनं खूण करायची,
वर जी बाजू आहे तिच्यावर.
पहिल्या दिवशी मला एवढंच शिकवलं.
आतला जीव कवचाला चिकटलेला असतो,
अंडं उलटलं तर आपल्याच बलकाखाली घुसमटतो.
म्हणून फुली. मऊ शिसाची, हलक्या हातानं.
मग वाळूसकट खोक्यात.

फेब्रुवारीत कापानापारो आटून
गुरं चालत पलीकडे जातात तेव्हा
आम्ही वाळूपट्ट्यातून एकेचाळीस काढली.
रामोन बांबू घेऊन पाण्याकडे तोंड करून उभा.
ती समोरच.
दोन डोळे आणि नाकाचा उंचवटा,
बाकी सगळी नदी.
आली नाही. फुसकारलीही नाही.
आतली पारदर्शक पापणी आडवी ओढून
बघत राहिली.

तिथंच ठेवली असती तर सरड्यांनी उकरली असती,
नाहीतर माणसांनी.
आम्हीही माणसंच,
पण आमच्याकडे परवाना आहे.

खोलीत पारा बत्तीसच्या आसपास राहिला तर बहुतेक नर,
खाली घसरला की माद्या.
रात्री वीज जाते, जनरेटरला डिझेल नसतं.
आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या लावतो, घोंगडी टाकतो,
आणि तरी कधी कधी पहाटेपर्यंत
एका खोक्यातल्या सगळ्या मुली होऊन जातात.
वहीत मी तसं लिहीत नाही. फक्त आकडा लिहिते.

एव्हारिस्तो म्हातारा गळ विकायला येतो.
डाव्या हाताला तीन बोटं.
मगरीनं नेली का, असं नवखे विचारतात.
नाही, म्हणतो, होडीच्या पंख्यानं.
मगर इतकी बेपर्वा नसते.
तरुणपणी त्यानं कातडी काढली.
फक्त पोटाकडची; पाठीत हाडांच्या चकत्या,
त्या व्यापारी घेत नसत.
किती मारल्या?
तेव्हा मला मोजता येत नव्हतं, म्हणतो,
आणि गळ मात्र डझनावारी बरोबर मोजून देतो.

युक्ती सोपी होती.
रात्री होडीत बसून पिल्लाचा आवाज काढायचा,
ओठ न हलवता, घशाच्या तळातून.
ती यायची.
कंदिलाच्या उजेडात निखारे पेटायचे दोन,
त्यांच्या मधोमध नेम.

अठ्ठ्याऐंशी दिवस झाले.
फुल्या पुसट झाल्या, खोकी गप्प.
म्हातारा पैशांसाठी थांबला होता,
उलट्या बादलीवर, दाराशी.
किती दिवस झाले, त्यानं विचारलं.
मी सांगितलं.
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली त्यानं
आणि बराच वेळ काही केलं नाही.
मग
अंव्क्.
अंव्क्, अंव्क्.

डाव्या कोपऱ्यातून एकानं ओ दिली.
मग शेजारच्यानं, मग वाळूखालून,
मग सगळं खोकंच, जणू घागरीत बेडूक.

नदीवर असतं तर तिनं उकरलं असतं.
न फुटणारं अंडं जबड्यात घेऊन
जीभ आणि टाळूमध्ये घोळवून तडकवलं असतं.
बैलाची मांडी न सोडणाऱ्या त्या मगरमिठीत
कवच तेवढंच फुटतं.
आमच्याकडे हात.
म्हाताऱ्यानं एक अंडं तळव्यांमध्ये धरलं,
तीन बोटांचा हात वर,
भाकरीच्या पिठासारखं हळूहळू फिरवलं.
आधी नाकाचं टोक आलं, त्यावरचा तो तात्पुरता दात,
मग डोळा,
मग त्यानं अंगठाच पकडला.
सोडवायची घाई म्हाताऱ्यानं केली नाही.
विचारलं, याला खायला काय देता?
कीडे, मी म्हटलं. नंतर मासे.
हं, म्हणाला.

रात्री दहापर्यंत एकोणचाळीस बाहेर.
दोन उरली होती, फुलीसकट, मुकी.
अजून एकदा, मी म्हटलं.
तो उठला,
आणि हाक द्यायच्या आधी
नदीकडची खिडकी
घट्ट लावून आला.